भिंतीवरचा जिवंत माणूस

नेमात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसली होती. रमजान तोंडावर आला होता. इजिप्तमधल्या कफ्र दव्वारच्या आमच्या गल्लीत या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत कागदी पताका लागल्या होत्या आणि पोरे दोरीवर कंदील टांगत होती. तिचा नवरा शहाता शेजारी बसून पाने पुसून देत होता आणि मधूनच गुंडाळलेले एखादे कच्चेच तोंडात टाकत होता.

"अहो, शिजायच्या आधीच संपवा सगळं," नेमात म्हणाली.

"चव बघतोय. विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं तर नाव तुझंच जायचं."

शहाताने उमेदीची सारी वर्षे सूतगिरणीच्या रंगखात्यात घालवली होती. खाते बंद पडले, छाती अधू झाली, आणि नखांतला निळा रंग तेवढा उरला. पण माणूस विनोदी. कोपऱ्यावरच्या कॉफीखान्यात तो आला नाही तर डॉमिनोचा डाव रंगत नसे.

विहीणबाई खरोखरच आल्या. होणारा जावई रगब, त्याची आई, उम्म रगब. बसल्या, चहा घेतला, आणि कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलेल्या नेमातच्या लेकीच्या, हदीरच्या रुखवताकडे पाहत राहिल्या.

"पातेली छान आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण फ्रीज कुठंय? डीप फ्रीजर कुठंय? माझ्या थोरल्या सुनेनं दोन्ही आणले. ट्रक आला तेव्हा गल्ली बघत राहिली होती."

"होईल, उम्म रगब. थोडं थांबा."

"थांबूनच तर आहोत. दोनदा तारीख पुढं ढकलली. ईदनंतर मी माझ्या पोरासाठी दुसरं दार बघेन, मग मला बोल लावू नका."

आमच्या या मुलखात मुलगी नांदायला जाते की दुकान थाटायला, हे कुणी विचारीत नाही. तिचे सामान उघड्या ट्रकांतून ढोल वाजवत गावभर फिरते आणि गच्चीगच्चीवर बायका उभ्या राहून त्याची मापे काढतात. ज्यांच्या पोरी अजून घरात आहेत, त्या ढोल वाजला की आपली पातेली मोजू लागतात. हे सगळ्यांना कळते आणि सगळेच टाळ्या वाजवतात.

दोनच दिवसांनी हज्ज मुनीर आले. गावच्या धर्मादाय संस्थेचे ते कारभारी.

"उम्म हदीर, पोरीचं नशीब उघडलं," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "कैरोची तूपकंपनी आहे. रमजानमध्ये गावोगावच्या पोरींना रुखवत देणार. फ्रीज, फ्रीजर, धुण्याचं मशीन, चूल, सगळं. फक्त टीव्हीवर दाखवायचं."

त्या तुपाचे नाव मी लिहिणार नाही. लिहिले तर तीही त्यांची जाहिरातच होईल, आणि तीही फुकटात.

"अल्लाचे उपकार!" नेमात म्हणाली.

"पण एक आहे." हज्ज मुनीर जरा खाकरले. "पोरगी पोरकी हवी. बाप नसलेली. जिला ठरवलं होतं ती ऐनवेळी नाही म्हणाली. तेव्हा मी म्हटलं, शहाता काय, कमावत तर नाहीच..."

नेमात ताडकन उठली. "जीभ झडो तुमची, हज्ज! धडधाकट बसलाय समोर."

शहाताच मोठ्याने हसला. "अगं, एका दुपारपुरतं मरायचं ना? गिरणीत तर मी रोज मरत होतो, तेव्हा कुणी फ्रीज दिला नाही."

"बाबा, मला नको," स्वयंपाकघराच्या दारातून हदीर म्हणाली.

"तुला कोण विचारतंय? मरणारा मी." तो उठला, तिच्याजवळ गेला आणि मग हळूच म्हणाला, "माझ्याच्यानं दुसरं काही होत नाही, पोरी. एवढं तरी करू दे."

बापाच्या तोंडून लाचारीचा शब्द हदीरने प्रथमच ऐकला होता.

कैरोहून माणसे आली. दिवे आले, तारा आल्या. त्यांची म्होरकी लमीस नावाची बाई होती. वागायला फार गोड. तिने नेमातचे हात हातात घेतले, घराचे कौतुक केले आणि शहाताची एक जुनी तसबीर मागून घेतली. मोठ्या चौकटीत घालून, कोपऱ्याला काळी फीत लावून तिने ती भिंतीवर टांगली. शहाता गच्चीवर कबुतरांपाशी जाऊन बसला.

हदीरला एवढेच म्हणायचे होते: "बाबा गेल्यापासून आमच्या घरात सणाचा वास आला नाही." मग कढईत तूप तडतडणार आणि दारात ट्रक उभा राहणार.

तिला रडू येईना. पुन्हा म्हटले, पुन्हा म्हटले, डोळे कोरडेच. तेव्हा लमीस तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हबीबती, माझे लाडके, खरं सांग, तुझ्या बाबांची छाती वाईट आहे ना? एखाद्या सकाळी ते उठलेच नाहीत तर?"

हदीर हमसून रडली. कॅमेरा चालूच होता.

जाताना लमीस बजावून गेली. "सामान सध्या आमचंच समजा. ईदला दाखवायला निकाहचंही चित्रण करायचंय. ते झालं की सगळं तुमचं. आणि ही तसबीर हलवू नका हं. तेव्हा हीच भिंत पुन्हा दिसणार."

घर आधीच अरुंद, त्यात मोठाली खोकी. शहाताची खाट खोक्यांच्या मधल्या बोळात गेली. बरोबर डोक्यावर त्याची तसबीर, काळ्या फितीसकट.

रमजान लागला आणि पहिल्याच आठवड्यात जाहिरात आली. नेमकी इफ्तारच्या वेळी, जेव्हा दिवसभराचा उपाशी माणूस घोटभर पाणी पिऊन हळवा झालेला असतो. ही वेळ त्या लोकांनी विचार करूनच विकत घेतलेली असते. देशभर घास हातात धरून लोकांनी डोळे पुसले.

कॉफीखान्यात शहाता गेला तर एकच दंगा झाला.

"अल्ला तुला जन्नत देवो, शहाता!" मालक बय्यूमी ओरडला. "चहात साखर किती घालू? का तिकडे गोडच मिळतो?"

"दोन चमचे घाल," शहाता म्हणाला. "मी मेल्यावर तरी चिकटपणा सोड."

पहिले काही दिवस असे हसण्यात गेले. मग कुणा टवाळाने त्याचा डॉमिनो खेळतानाचा फोटो काढला आणि खाली लिहिले, 'तुपामुळे मेलेला बाप उठून बसला.' तो फोटो हातोहात फोनमधून फिरला. कैरोहून हज्ज मुनीरला फोन आला, आणि हज्ज मुनीर धापा टाकत नेमातकडे आले.

"ईद होईपर्यंत ह्याला घराबाहेर सोडू नका. खिडकीसुद्धा नको. नाहीतर ट्रक आला तसा परत जाईल, आणि माझं नाव जाईल ते वेगळंच."

"मशिदीत? रात्रीच्या तरावीह नमाजाला?" शहाताने विचारले.

"घरात पढा. अल्ला घरातही ऐकतो."

खिडकीची झडप लागली. नेमात बाहेरून येताना दार जेमतेम फट ठेवून आत शिरू लागली. दुसऱ्या गल्लीतल्या बायका पोरक्या नवरीला पाहायला येत, सांत्वन करीत, चिरगुटात बांधून साखर-खजूर देत. नेमातला ते घ्यावे लागे आणि वर डोळ्याला पदरही लावावा लागे. नवरा जिवंत असताना विधवेचे सोंग करायचे म्हणजे काय, ते बायकांनाच कळेल. बाया गेल्या की ती मोरीत जाऊन तोंड खसाखसा धूत असे.

एके दुपारी दार वाजले. हदीर उघडायला निघाली आणि थबकली. शहाता खाटेवरून उठून फ्रीजरच्या खोक्यामागे जाऊन उभा राहिला होता. कुणी सांगितले नव्हते. सवयच लागली होती. तोंडावर दोन्ही हात दाबून तो खोकला आवरत होता. चेहरा लाल झाला होता आणि मान थरथरत होती. दारात फक्त पाववाली होती.

"बाबा, या बाहेर. पाववाली आहे."

"ती बोलते फार," तो कुजबुजला. "जाऊ दे तिला."

त्याने विनोद केला नाही, हेच हदीरला लागले. तिने पाव घेतला आणि दार लावले.

त्याच संध्याकाळी लमीसचा फोन आला. निकाह ईदच्या आधी, दुपारच्या नमाजानंतर घरातच लावायचा. नवरीच्या वतीने हदीरचे चुलते गाबिरकाका नवरदेवाच्या हातात हात देतील. त्यांना नवा पायघोळ गलाबिया पाठवला आहे.

"आणि बाबा?" हदीरने विचारले.

"गच्चीवर, गेल्या वेळेसारखे. तासाभराचा तर प्रश्न आहे, हबीबती."

"अम्मा, माझ्या निकाहला बाबा कबुतरांत बसणार?" फोन ठेवून हदीर म्हणाली.

"मग मी काय करू, सांग!" नेमात भडकली. "तुझी सासू दारात उभी आहे, ती कंपनी छातीवर बसली आहे. एवढं उरकू दे, मग त्याला डोक्यावर घेऊन नाच."

शहाता खाटेवरून म्हणाला, "भांडू नका. कबुतरांची माझी चांगली ओळख आहे."

निकाहच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे, कॅमेरा, दोन्हीकडची माणसे, मागे रिबिनी बांधलेला फ्रीज आणि त्यावर तुपाच्या डब्याचे चित्र, वर तसबीर. मधोमध निकाह लावणारे शेख बसले. गाबिरकाकांनी ताठ गलाबियाची बाही सारून हात पुढे ठेवला. रगब मान खाली घालून बसला होता. दोन्ही हातांवर घालायचा पांढरा रुमाल शेखच्या मांडीवर होता.

"पोरी," शेखने रीतीप्रमाणे विचारले, "तुझ्या वतीनं हात कोण देणार?"

"माझे वडील," हदीर म्हणाली. "शहाता."

लमीसने हात वर केला. "थांबवा. हदीर, हबीबती, गोंधळलीस का? काका म्हण. पुन्हा घेऊ."

"गोंधळले नाही. माझे बाबा वर गच्चीवर आहेत. त्यांना खाली बोलवा."

"हदीर!" नेमात किंचाळली.

लमीस जवळ येऊन वाकली. आवाज अजून मऊच होता. "तू काय घालवते आहेस, कळतंय ना तुला?"

"कळतंय, मादाम. ते सगळं माझ्या मागंच उभं आहे. त्याच खोक्यामागं माझा बाप तोंड दाबून खोकत होता. तुमच्या कॅमेऱ्यात ते आलं नाही."

"फ्रीजर जाणार?" उम्म रगब उठून उभ्या राहिल्या. "ऐकलंस, रगब? ऊठ! चटईवर संसार करणार आहेस का?"

गाबिरकाकांनी हात काढून घेतला होता. तो आता कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हते. "माझा भाऊ जिवंत असताना मी हात देत होतो," ते पुटपुटले. "अल्ला माफ करो." आणि तेच जिन्याकडे गेले.

शहाता खाली आला तो दारातच थांबला. केसांत पीस अडकले होते आणि हाताला दाणे चिकटले होते. इतके दिवे पाहून त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला. "काय झालं? खोकला ऐकू आला का?" त्याने घाबरून विचारले.

तेव्हा नेमात रडली. त्या महिन्यातले तिचे पहिले खरे रडणे. तिने त्याचा हात धरून त्याला शेखसमोर आणून बसवले.

शेख रगबकडे पाहत होते. रगब आईकडे पाहत होता. पोरगा वाईट नव्हता, पण आजवर त्याने आईपुढे तोंड उघडले नव्हते. आताही उघडले नाही. फक्त हात पुढे केला आणि शहाताचा निळ्या नखांचा हात घट्ट धरला. शेखने रुमाल टाकला. उम्म रगब दार आपटून निघून गेल्या.

नंतर हमालांनी मुकाट्याने सामान उतरवले. ट्रक ढोलाशिवाय गेला, तरी गच्चीगच्चीवर बायका उभ्या होत्या. तसबिरीची चौकटही कंपनीचीच होती. एका हमालाने तसबीर अलगद बाहेर काढून हदीरच्या हातात दिली आणि चौकट फितीसकट नेली.

रगबने आईपासून वेगळी खोली बघायला मुदत मागितली होती. सासरचे दार उघडेल की नाही, केव्हा उघडेल, कुणालाच ठाऊक नव्हते. रिकाम्या खोलीत चटई अंथरली आणि रगबसकट चौघे इफ्तारला बसले. सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली.

आणि घरोघरचे टीव्ही बोलू लागले. समोरून, खालून, मागून, हदीरचाच आवाज: "बाबा गेल्यापासून आमच्या घरात सणाचा वास आला नाही." ती जाहिरात कंपनीची होती. ईदपर्यंत रोज लागणार होती. शहाताच्या हातातला खजूर हातातच राहिला.

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात त्या महिन्यात ते तूप पुरत नव्हते. नेणारी माणसे याच गल्लीतली होती. शहाता जिवंत आहे, कुठल्या झडपेआड बसला आहे, हे त्यांना ठाऊक होते. तरी ती जाहिरात लागली की डोळे पुसत आणि सकाळी डबा आणत. कंपनीला दोष द्यायला मी चुकणार नाही, पण तिचे दुकान आपल्याच आसवांवर चालते, हेही लिहिले पाहिजे.

हदीर उठली. तिने झडपेची कडी काढली आणि दोन्ही दारे भिंतीपर्यंत लोटली. मग बापाचा हात धरून त्याला खिडकीत बसवले. खाली कॉफीखान्यासमोर टेबले मांडली होती. माणसे वर पाहू लागली, एकेकाचा घास थांबला. टीव्हीत हदीर अजून रडत होती.

शहाताला खोकला आला. त्याने तो दाबला नाही. पोटभर खोकला, घसा साफ केला आणि खाली ओरडला, "बय्यूमी! दोन चमचे साखर!"