तळाशी बसलेली वाळू

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. मित्रांनो, मला मार खाण्यासाठीच जन्माला घातलं आणि तो मी जन्मभर खाल्ला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मार कसाही असो, तो कुठून येतो हे मला कळतं. खांद्यातून येतो, कमरेतून येतो, कधी पार पोटाच्या तळातून येतो. शेवटचा सगळ्यात वाईट.

घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. मेण लावलेला दोरा दातात धरून तो टाके घाली आणि प्रत्येक टाक्याला म्हणे, "धर गं, घट्ट धर." शेवटची गाठ मारून झाली तेव्हा त्याने मला एक गुद्दा घातला. "घे. पहिला माझा. आता कुणाच्या बापाला भिऊ नकोस."

मी मावशीच्या तालमीत आले. टायरच्या दुकानामागची पत्र्याची शेड होती ती. मावशी एके काळची मुष्टियोद्धा. तिचं नाक कायम डावीकडे बघायचं आणि ती उजवीकडे. सगळी पोरंपोरी तिला मावशीच म्हणत आणि मला म्हणत म्हातारी, मी नवी कोरी असतानासुद्धा!

तिथला पहिला नियम असा, की नव्या पोराने घरातलं एक जुनं कापड आणायचं आणि ते माझ्या पोटात भरायचं. उशीचे अभ्रे आले, बापांच्या विजारी आल्या, फाटके पडदे आले. एकदा अकरा वर्षांच्या एका पोराने हिरवा स्वेटर आणला. कोपरावर तपकिरी ठिगळ होतं.

"चांगला आहे की रे," मावशी म्हणाली.

"आईनं दादासाठी विणला होता. मग मला आला. आता माझंही कोपर बाहेर येतं."

तो सुताराच्या घरचा धाकटा. त्याच्या आईची वीण तेव्हापासून माझ्या पोटात आहे.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. रागावलेल्या माणसाने मला हात लावायचा नाही. म्हणजे मारायचं नाही. त्या दिवशी त्याने मला खाली उतरवायचं, माझ्या तोंडाची दोरी सोडायची, सगळ्या चिंध्या बाहेर काढून मोकळ्या करायच्या आणि पुन्हा भरायच्या. कारण मार खाऊन खाऊन आतलं सगळं तळाशी उतरतं आणि दडपून घट्ट होतं. शेडमध्ये रोज कुणी ना कुणी रागावलेलं असायचंच, त्यामुळे माझा तळ कायम मऊ राहिला. चिंध्या सोडवताना मावशी गुणगुणायची,

"सैल कर गं, सैल कर,
गाठ आतली सैल कर,
खालचं सारं येऊ दे वर,
मग पुन्हा पोटात भर."

ती माझी सुखाची वर्षं. मग मावशीचे गुडघे गेले आणि तिचा भाचा आला.

भाचा वाईट नव्हता, नव्या जमान्याचा होता. पत्रे गेले, काचा आल्या. एका खोलीत बर्फाच्या पाण्याचा टब, एका खोलीत डोळे मिटून घंटा ऐकायची सोय. मला त्याने तिसऱ्या खोलीत टांगलं. लाल दिवा, कानठळ्या बसवणारं संगीत आणि दारावर पाटी: राग-कक्ष. आत येणाऱ्याच्या मनगटावर पट्टी बांधली जायची आणि समोरच्या भिंतीवर त्याचा राग आकड्यांत दिसायचा. ज्याच्यावर राग असेल त्याचा फोटो मला चिकटवायचा आणि आकडा शून्यावर येईपर्यंत मारायचं.

"राग मोजायला यंत्र कशाला लागतं रे?" मावशी म्हणाली. "शेजारच्याला विचार, तो फुकट सांगेल."

"मावशी, तू टॉवेलांचं बघ."

मी त्याला हलकी वाटले म्हणून त्याने माझ्यात वाळू ओतली. "धप्प असा आवाज यायला पाहिजे. लोकांना बरं वाटतं."

"वाळू खाली उतरेल," मावशी कळवळून म्हणाली. "तिचा दगड होईल. हात मोडेल एखाद्याचा."

पण टॉवेलवालीचं कोण ऐकतो?

मित्रांनो, त्या खोलीत मी जे सोसलं ते शेडमध्ये कधी सोसलं नव्हतं. लोकांनी मला कोपरांनी कुटलं, गुडघ्यांनी तुडवलं. साहेबांचे फोटो आले, सुनांचे आले, सासवांचे आले. एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने तर मला कडकडून चावा घेतला आणि नंतर रुमालाने तोंड पुसून चष्मा लावला. माझी दोरी मात्र वर्षभर कुणी सोडली नाही. वाळू चिंध्यांतून झिरपत झिरपत खाली गेली. मला माझा तळ जाणवेनासा झाला.

आणि एक दिवस थोरला सुतार आला.

त्याने चिकटवलेला फोटो मी ओळखला. चेहरा मोठा झाला होता, पण हसू तेच, स्वेटरवाल्या पोराचं. धाकट्याच्या स्कूटरवरून पडून दोघांची आई गेली होती. तेव्हापासून थोरला त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. भाच्याने विचारलं तेव्हा दात आवळून म्हणाला, "गाडी हा चालवत होता."

पहिल्या दिवशी त्याला मूठ वळता येत नव्हती. अंगठा आत घ्यायचा. भाच्याने शिकवलं, "अंगठा बाहेर, आणि कंबर फिरवा, कंबर!" लाकूड तासणारे हात ते, पटकन शिकले. आठवड्यातून तीनदा तो यायचा आणि फोटोतले डोळे, नाक, ओठ फोडायचा. फोटोचा लगदा झाला की नवा लावायचा. घामाघूम होऊन थांबला, दम खाल्ला की भिंतीवर अक्षरं उमटायची: राग शून्य. अभिनंदन!

खोटं! दम खाल्ला की माणसाची नाडी खाली येते, एवढंच त्या पट्टीला कळायचं. मला ठोसा कळायचा. तो दर खेपेला अधिक खालून येत होता. त्याचा राग कमी होत नव्हता, तो फक्त कसबी होत होता.

एका दुपारी धाकटा टॉवेल धुण्याच्या मोरीपाशी आला. ओठ फाटलेला, कानातून रक्त, रुमालात स्वतःचा दात.

"कुणी मारलं?" मावशीच्या हातातला टॉवेल गळून पडला.

"दादानं. मी टेबलाचा पाय उलटा बसवला."

"टेबलाच्या पायावरून?"

"इथूनच घरी आला होता, मावशी. म्हणाला, आज शून्य आलंय माझं."

मावशीने त्याला धरून राग-कक्षात आणलं, तिथेच औषधाची पेटी होती. दिवा लागला आणि धाकट्याला मी दिसले. माझ्यावर त्याचाच चेहरा होता, अर्धा फाटलेला. तो बघतच राहिला.

तेवढ्यात दार उघडलं. थोरला त्याच्या मागोमाग आला होता, मनगटावर सकाळची पट्टी तशीच.

"इथं गाऱ्हाणं घेऊन आलास होय?" असं म्हणत त्याने धाकट्याची मान धरली आणि त्याला बाजूच्या भिंतीवरच्या आरशावर आपटलं. काच खळखळून खाली आली. दुसरा ठोसा बरगडीत बसला, तिसरा जबड्यावर. सगळे माझ्यावर घोटलेले! मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या कातड्याची लाज वाटली.

"हात वर कर, पोरा! हात वर!" मावशी ओरडत होती.

धाकट्याला एका ठोशात भावाला लोळवता आलं असतं. मावशीचा पठ्ठ्या होता तो. पण त्याने हात वर केले नाहीत. काचांवर घसरत तो माझ्यामागे आला आणि त्याने मला कवटाळलं, लहानपणी दमल्यावर कवटाळायचा तसं.

थोरल्याने खाली वाकून, कंबर फिरवून, पोटाच्या तळातून ठोसा मारला. नेम धाकट्याच्या बरगडीवर होता, पण मध्ये माझा तळ आडवा आला.

सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. थोरला हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. माझी शिवण उसवली आणि वाळू त्याच्या मांडीवर ओघळू लागली. भिंतीवरचा आकडा वेड्यासारखा वर चढत होता. भाचा दारात थिजून उभा होता.

मावशी थोरल्याला ओलांडून पुढे गेली. तिने धाकट्याला विचारलं, "रागावलेल्यानं काय करायचं असतं?"

"म्हातारीला भरायचं असतं."

"मग सांग की तुझ्या भावाला."

तीन आठवड्यांनी थोरला आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, मान खाली. मावशीने मला खाली उतरवलं. एका बाजूला तो बसला, दुसऱ्या बाजूला धाकटा. एक डाव्या हाताने ओढी, दुसरा वाळू झटकी. तासभर चिंध्या निघत राहिल्या. अगदी तळाशी वाळूत थिजलेला हिरवा गोळा निघाला. थोरल्याने तो मांडीवर उलगडला. तपकिरी ठिगळ दिसलं.

"हा माझा होता."

"आधी तुझा, मग माझा."

थोरला एका बोटाने विणीतली वाळू काढत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी ती डबा विसरली होती. मी दुकानाच्या दारातून हाक मारली, आई, डबा! तिनं तुझी कंबर सोडली, मागं वळली आणि हात हलवून म्हणाली, राहू दे." त्याचं बोट ठिगळावर थांबलं. "हाक मी मारली होती रे."

"माहितीये," धाकटा म्हणाला.

"माहिती होतं? मग कुणाला बोलला का नाहीस?"

"तुझं नाव कसं घेऊ, दादा?"

थोरला स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडला. त्याच्या कपाळाला वाळू चिकटली. मावशी खोलीबाहेर गेली आणि दार लावून उंबऱ्यावर बसून राहिली.

आता माझ्यात वाळू नाही. स्वेटर आहे. तो दोघांनी मिळून परत ठेवला, तळाशी नाही, मध्ये. भिंतीवरचे आकडे भाच्याने अजून काढलेले नाहीत. पण माझी दोरी दर महिन्याला तो स्वतः सोडतो.

मित्रांनो, माझं कातडं आता विरलं आहे, फार दिवस टिकणार नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या वाट्याला आली, तर तिला खुशाल मारा. पण अधूनमधून खाली उतरवा, तिचं तोंड उघडा आणि पार तळापर्यंत हात घाला. तिथे काय दडपून बसलं आहे ते बाहेर काढताना एकटे बसू नका. समोर कुणीतरी असू द्या.