एका हातासाठी दोन नवस

"खबरदार, ते ताट खाली काढलंस तर!" एझरा हॉलमधूनच ओरडले.

ज्युलिएटबाई स्वयंपाकघरात स्टुलावर चढल्या होत्या आणि वरच्या फळीवरच्या पितळी ताटाला त्यांची बोटं नुकतीच लागली होती. सिंकपाशी भिजवलेले पोहे निथळत होते. हॅरोच्या दुकानातून आणलेलं फ्रोझन खोबरं वितळत पडलं होतं. वेलची कुटल्याचा वास सुटला, तिथेच त्यांचं बिंग फुटलं होतं.

"मलिदा करतेयस?" एझरा दारात आले. "अजून मॅच सुरू व्हायचीय! काम व्हायच्या आधी नवस फेडायचा?"

बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातला हा साधा नियम. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलायचा आणि मनासारखं झालं की मलिदा करायचा: गोड पोहे, खोबरं, पाच फळं, मोठ्या ताटात मांडून त्यावर प्रार्थना. काम आधी, मलिदा नंतर. ठाण्याहून विलायतेत पिनरला आल्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण हा क्रम एझरांनी कधी चुकू दिला नव्हता.

आजचं काम होतं अमेरिकेत. केस्ट्रल्स हा तिथल्या एका लहानशा गावाचा व्यावसायिक बेसबॉल संघ. मोठ्या लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली. पिनरमध्ये त्याचा चाहता एकच, पण कट्टर. गेल्या मोसमात संघ शेवटून दुसरा आला तेव्हा एझरा आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. यंदा मात्र त्यांना मोठी आशा होती. बॅटिंग मजबूत आहे, मॅनेजर नवा आणि शहाणा दिसतो, कमी आहे ती फक्त पिचरांची, असं ते ऐकेल त्याला सांगत. ऐकणारे बहुधा दोघंच असत, त्यांचा न्हावी आणि लायब्ररीतली बाई. पिचर म्हणजे बोलरच की, असं म्हणून ते पुढे रेटत आणि मग हळूच मुद्द्यावर येत. त्यांचा नातू एली हा केस्ट्रल्सचा पिचर होता.

त्यांच्या लेकीचा, डॅनिएलाचा मुलगा. नऊ वर्षांचा असताना आईबरोबर अमेरिकेला गेला. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या कोपराचं ऑपरेशन झालं. आज मोसमाआधीची शेवटची सराव मॅच होती. तिच्यानंतर मॅनेजर एकेकाला बोलावून सांगणार होता, कोण संघात राहणार आणि कोण घरी जाणार.

"एली टीममध्ये राहू दे, असा माझा नवस आहे," एझरा म्हणाले. "त्याचा निकाल लागलेला नाही. ते ताट तिथंच राहू दे."

"तुमचा असेल," ज्युलिएटबाई स्टुलावरूनच म्हणाल्या. "माझा वेगळा आहे, आणि तो आज पुरा होणारच."

"तुझा कसला?"

"तो घरी यावा. हात धड असतानाच यावा. संपू दे एकदाचं ते बॉल टाकणं."

एकाच छपराखाली, एकाच नबीकडे, एकाच पोरासाठी उलटसुलट नवस! एलियाहू हन्नाबीनं तरी कुणाचं ऐकायचं?

"स्वतःच्या नातवाचं वाईट चिंतलंस?"

"वाईट?" ज्युलिएटबाई खाली उतरल्या. "अहो, ते ताट काढायला मी का चढतेय? तुम्ही का नाही काढत? सांगा ना."

चोविसाव्या वर्षी एझरा मुंबईत ऑफिसच्या टीमचे फास्ट बोलर होते. खांदा दुखावला. कॅप्टन म्हणाला, फायनलपर्यंत ओढ. त्यांनी पट्टी बांधून ओढलं, फायनल जिंकलीही, आणि त्यानंतर उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. हॅरोतल्या इन्शुरन्स ऑफिसात ते रिटायर होईपर्यंत खालच्या खणांतल्या फायली सांभाळत राहिले. घरातला वरचा डबा, पडद्याची दांडी, दिव्याचा बल्ब, सगळं ज्युलिएटबाईंकडे. लग्नात आणलेलं एक स्टूल मोडलं, दुसरं मोडलं. हे तिसरं.

"एकाचा हात आयुष्यभर बघतेय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा नाही बघायचाय मला."

एझरा हॉलमध्ये गेले. सहा वाजले होते. बाहेर अजून उजेड होता. टॅब्लेटवर ते मैदान दिसू लागलं. ज्युलिएटबाई बघणार नव्हत्या. त्या दाराच्या चौकटीला टेकून फक्त ऐकत होत्या.

एली शेवटाकडे आला. उंच, आजोबांसारखाच थोडा पोक काढून उभा राहणारा. पहिला चेंडू टाकला, तसा एझरांचा खांदा आपोआप आखडला. दुसऱ्यालाही. प्रत्येक चेंडूनंतर ते स्कोअर बघतच नव्हते, एलीचं कोपर बघत होते. पहिला बॅटर बाद झाला. दुसऱ्यानं सणसणीत फटका मारला. मग एलीनं हात झटकला.

एझरा उठून उभे राहिले.

"काय झालं? दुखलं का त्याला?" ज्युलिएटबाई दारातून आत आल्या.

"नाही. माती झटकली." ते परत खाली बसले. "फक्त माती झटकली गं."

पुढचे दोघे बाद झाले. केस्ट्रल्स मॅच जिंकले, पण ते त्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोघं सोफ्यावर फोन मध्ये ठेवून बसले. चहा झाला, गार झाला. अखेर फोन वाजला, तो ज्युलिएटबाईंनी स्पीकरवर टाकला.

"आजोबा, they let me go," एली म्हणाला.

ज्युलिएटबाईंनी फोन जवळ ओढला.

"मॅनेजर म्हणाला, the arm's healthy. Just not fast enough. आता फास्ट जात नाही बॉल. But आजोबा, आज माझी हात दुखलीच नाही. पूर्ण वेळ. First time in two years."

"अजिबात नाही?" ज्युलिएटबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. Honestly, I'm kind of relieved. एकेक बॉल टाकताना मला खूप भीती वाटायचा."

एझरांना खरं तर वाईट वाटायला हवं होतं. वर्षभर धरलेली आशा गेली होती. पण त्यांना हायसं वाटलं, इतकं हायसं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं आणि डोळे भरून आले.

"मलाही वाटायची रे," ते म्हणाले. "प्रत्येक बॉलला."

"You never said!"

"तूही नाही बोललास."

ज्युलिएटबाईंनी पदराऐवजी किचन टॉवेलनंच डोळे पुसले.

"पण मग केस्ट्रल्सचं काय?" एझरांना एकदम आठवलं. "पिचर आधीच कमी आहेत. यंदा होणार तरी कसं त्यांचं?"

"Dead last, आजोबा. Guaranteed."

आणि तिघंही हसले. एली हसता हसता म्हणाला, की गावातल्या शाळेत कोचची नोकरी आहे, ती सप्टेंबरपासून. तोवर मोकळाच आहे. पुढच्या महिन्यात वल्हांडणाच्या सणाला पिनरला येऊ का?

"विचारतोस काय!" ज्युलिएटबाई म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर त्या उठल्या. नवस त्यांचा खरा झाला होता, पण त्यांनी जिंकल्याचा आव आणला नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्या स्टुलावर एक पाय ठेवणार, तोच मागून एझरा म्हणाले, "राहू दे ते. महिन्याभरात येतोय ना. त्याच्यासमोरच करू मलिदा."

"तुमचाही नवस धरायचा का मग?"

"माझा कसला धरायचा! तुझाच खरा होता."

"आणि हे भिजवलेले पोहे?"

"कांदे दे इकडे. चिरतो मी."

ते टेबलाशी बसले आणि कांदे चिरू लागले. सुरी धरलेला हात टेबलाच्या उंचीवर छान चालत होता. ज्युलिएटबाईंनी कढईत मोहरी टाकली आणि वर एकदा बघितलं. ताट फळीवर होतं तसंच होतं.

"एवढं वरचं ताट, पोराला येईल ना हो काढता?"

"येईल की," एझरा म्हणाले. "हात चांगलाय त्याचा."

ज्युलिएटबाईंनी स्टूल उचललं आणि जिन्याखालच्या कपाटात नेऊन ठेवलं.