चोवीस घरांचा मोर

तमन्नानं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर एकेक ओळ भरत गेली आणि सातवा मोरही मान खाली घालूनच उभा राहिला. डोक्यावर छत्तीस घरं मोकळी, आणि हा आपला पायाशी बघतोय.

मागं हाफिजा फुफी लसूण सोलत बसली होती. कबनूरच्या मागांवरच्या साड्यांचे काठ तीस वर्षं तिच्याच हातचे. ग्राफच्या कागदावर तांबड्या पेन्सिलीनं घर न् घर भरून ती मोराची नक्षी काढायची. असे तीनशे कागद भाचीनं महिनाभर बसून कॉम्प्युटरला दाखवले होते, नवी नक्षी त्यानं आपणहून काढावी म्हणून.

अल्ताफ पाळी संपवून आला, बहिणीच्या शेजारी टेकला आणि पडद्याकडं बघून म्हणाला,

"ह्याचं काय पडलंय काय गं? कवापास्नं खालीच हुडकायलाय."

"अब्बा, गप बसा की! उद्या कारखान्याचे मालक हंबीरराव बघायला येणार हायत. त्यांच्या नव्या मागावर काठाला साठ घरं उंची घेता येतीय. आणि ह्यो चोवीसच्या वर जाईना."

"मग वर बघ म्हणून सांग की त्याला," फुफी म्हणाली.

"तसं सांगता येत न्हाय. मोर म्हंजे काय, ते मी शिकवलंच न्हाय, फुफी. तुझे कागद बघून त्याचं त्यानं ठरवलं. मोर म्हंजे दोन पाय, पिसारा आणि वाकलेली मान."

फुफीच्या हातातली पाकळी हातातच राहिली. जुन्या मागाच्या डॉबीला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राला, काठात चोवीसच घरं झेपायची. ताठ मानेचा मोर त्यात मावेना, म्हणून पहिल्याच वर्षी तिनं त्याची मान वाकवली होती. बायकांना तो आवडला. जयसिंगपूरच्या बाजारात लोक 'लाजरा मोर' म्हणून मागून न्यायचे. ती डॉबी दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली होती.

"तू एक काढून दे. वर बघणारा," तमन्ना म्हणाली.

"त्यात काय मोठंसं!"

हात धुऊन फुफीनं पत्र्याची पेटी ओढली. वरचा कोरा कागद काढताना खालच्या पाकिटाला बोट लागलं. तिनं झाकण लगेच लावलं. पुण्याच्या कंपनीनं तमन्नाला नोकरीला बोलावलं होतं, होकाराचा कागद सही करून शुक्रवारपर्यंत त्याच पाकिटातनं परत पाठवायचा होता. फुफी म्हणेल तसं, असं अल्ताफ म्हणाला होता. आणि फुफी म्हणाली होती, "इचलकरंजीपतोर ठीक हाय. त्याच्या पुढं आपल्या घरातली पोरगी गेली न्हाय." तमन्ना खाली बघून उठून गेली होती.

फुफीनं साठ घरं मोजून खूण केली. पाय भरले, पोट भरलं, मान उचलली. विसाव्या घराशी पेन्सिल आपसूक डावीकडं वळली. तिनं खोडलं. पुन्हा भरलं. पुन्हा तिथंच मनगट वळलं. वर कागद पांढराशुभ्र पडला होता, अडवणारं कुणी नव्हतं. तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटला.

"ऱ्हाऊ दे, फुफी," तमन्ना हळू आवाजात म्हणाली.

फुफीनं पेटी पुन्हा उघडून दुसरा कागद घेतला आणि उलटा फिरवला. साठाव्या घरात आधी तुरा भरला. मग चोच, मग डोळा. मग मान, वरून खाली उतरत. अल्ताफचा चहा निवून गेला तरी ती उठली नाही. शेवटी पाय टेकवून तिनं कागद सरळ केला. मोर वर बघत होता.

"हे घे. दाखव त्याला. एकानं भागंल?"

"एकानं न्हाय भागत. खाली बघणारे तीनशे हायत की."

"मग काढते अजून."

तमन्नानं कागद उचलला. त्याच्याखाली फुफीनं पेटीतनं काढून ठेवलेलं ते पाकीट होतं. तिनं फुफीकडं पाहिलं. फुफी चष्मा पुसत होती.

"शुक्रवारच्या आत पोचाया पायजे, सही करून आजच टपालात टाक," ती म्हणाली, आणि नवा कागद उलटा ठेवून वरची घरं मोजू लागली.