आईला एकटीला विचारा

तरुण माणसांना कॅन्सर इतका का होऊ लागलाय, हे शोधणाऱ्या पथकासाठी नर्सबाई घरोघर फिरायच्या. पंधरा वर्षं वॉर्डात काढलेली बाई. कुणाशीही पाच मिनिटांत सूत जुळायचं. पन्नाशीच्या आतल्या पेशंटला सत्तर प्रश्न विचारायचे, आणि लहानपणाचे चाळीस त्याच्या आईला.

त्या दिवशीचा पेशंट चौतीस वर्षांचा बसड्रायव्हर होता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमोचे दोन डोस झालेले. गडी मात्र गप्पिष्ट. "विचारा, आमची आई उत्तरं पाठ करून बसलीय," तो म्हणाला.

आई खरंच घडाघडा बोलली. अंगावरचं दूध? दीड वर्ष. औषधं? क्वचित. बाहेरचं खाणं? नावच नको. नर्सबाईंनी सगळं लिहून घेतलं, चहा घेतला आणि निघाल्या.

एक जिना उतरतात तोच मागून चपला वाजल्या. आई धापा टाकत येत होती.

"बाई, ते दुधाचं खोडा. पंधराव्या दिवशी मी कामावर गेले. पावडरच्या दुधावर वाढलाय तो. कान फुटायचा सारखा, तेव्हा औषधांचा नुसता मारा. त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगू?" "त्यानंच झालं का हो?"

नर्सबाई दोन पायऱ्या परत वर चढल्या.

"मावशी, ठाऊक असतं तर आम्ही कशाला लोकांचे जिने झिजवले असते? हजारो घरांतून लिहून घेतोय. एकट्या तुमच्या उत्तरावरून काही ठरत नाही. पण सगळ्यांनीच असं झाकून सांगितलं, तर कधीच कळायचं नाही."

"मग परत विचारा. पहिल्यापासून."

दोघी पायरीवरच बसल्या. चाळीसपैकी अकरा उत्तरं बदलली. उठताना पाहिलं, तर वर कठड्यावरून ड्रायव्हर वाकून बघत होता. कधीपासून, कोण जाणे.

"त्या पावडरवर मी एवढा धिप्पाड झालो, तेही लिहा बाई," तो म्हणाला. "आणि आई, वर ये आता. गुडघे धरतील."

आई हसली नाही, पण कठड्याला धरून चढू लागली.

ऑफिसात नर्सबाई थेट पथकाच्या प्रमुख डॉक्टरांकडे गेल्या. "प्रत्येक आईला एकटीला विचारायला हवं. मुलासमोर खरं निघत नाही."

डॉक्टर वैतागले. "आणि तुमच्या झालेल्या साठ घरांचं काय?"

"मी जाते परत," त्या म्हणाल्या आणि सोमवारी पहिल्या घरापासून सुरुवात केली.