सरकारचं दार

एक गिऱ्हाईक एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा, असं रस्त्याने निघून गेलं. दुसरा बूट समोरच्या दुकानाच्या छपरावर होता.

एका पाकिटात चार स्क्रू, चार चकत्या, एक वाकडी चावी. कमी नाही, जास्त नाही.

गॅसची टाकी आणणारा माणूस कुणाशी बोलत नाही. टाकी ठेवतो, सही घेतो, चालू लागतो.

रखवालदाराच्या मधल्या बोटाला टाके पडले.

मावशींनी जन्मात कधी ‘जाते’ हा शब्द तोंडातून काढलेला नाही.

निळी रिळं, लाल रिळं, एक पिवळं.

ताईला विचारलं असतं, तर तिने यातल्या फक्त बुटाबद्दल सांगितलं असतं, कारण तो काठीने खाली पाडायचं काम तिच्यावरच आलं होतं. बाकीच्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

ताईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नवे कपडे ती शिवत नाही. उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, उसवलेलं जोडायचं. माणसांची अंगं बदलतात, कपडे बदलत नाहीत, यावर तिचं घर चालतं. काज-बटणाला शेजारच्या मावशी येतात, म्हणजे काज कमी आणि गप्पा जास्त.

आणि सरकार. ताईचा धाकटा भाऊ, पस्तिशीतला, अंगाने दणकट, बोलायला मोजके शब्द: ताई, पाणी, दार, नको. त्याची समज लहानपणापासून त्याच्या स्वतःच्या चालीने चालते. सरकार हे नाव मावशींनी ठेवलं, कारण त्याच्या मंजुरीशिवाय या घराचं दार लागायचं नाही. माणूस हसतमुखाने निरोप घेऊन बाहेर पडलं, की सरकार उठून दारात पाय घालून उभा. रस्त्याची धूळ कपड्यांवर बसते म्हणून ताई दार लावायला गेली की तो घसा फुटेस्तोवर ओरडायचा, आणि हाताला येईल ती चप्पल नाहीतर बूट भिरकावायचा. नेम चांगला होता, ही आणखी पंचाईत.

दिवसा तो त्याच्यासारख्या मोठ्या माणसांसाठी चालवलेल्या केंद्रात जायचा. तिथल्या कार्यशाळेत तो कपाटांबरोबर द्यायची स्क्रूची पाकिटं भरायचा, आणि त्याच्या पाकिटात कधी चूक निघाली नाही. पण एका सकाळी रखवालदार केंद्राचं फाटक लावत असताना सरकारने ते उलटं ढकललं आणि मध्ये रखवालदाराचं बोट आलं. केंद्रप्रमुख बाईंचा फोन आला. सध्या त्याला घरीच ठेवा. वर्तन साहाय्य सेवेतून एक बाई येतील, तो असं का करतो ते बघतील. मग बैठक घेऊ. जमलं तर ठीक, नाहीतर आल्या-आल्या तासभर कुलूप लावलेल्या ‘शांत खोली’त बसवावं लागेल, आणि ते तुम्हाला मान्य नसेल तर त्याची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

जागा गेली की सरकार दिवसभर घरी. सरकार घरी की गिऱ्हाईक बंद. गिऱ्हाईक बंद की दोघांनी खायचं काय, हे ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तोवर तिची एक युक्ती होती, आणि तिची तिलाच लाज वाटायची. आतल्या खोलीला तिने बाहेरून कडी बसवून घेतली होती. गिऱ्हाईक उठायला लागलं, की ती सरकारला आत न्यायची, “आलेच हं,” म्हणायची आणि कडी घालायची. आत तो गप्प असायचा. गिऱ्हाईक गेलं की ती धावत जाऊन कडी काढायची.

सेवेतल्या बाई आल्या त्या अस्तर फाटलेलं जाकीट घेऊन.

“तुमचं काम बघत बसणार, तर माझंही काम काढा,” त्या म्हणाल्या.

ताईला वाटलं होतं, इंजेक्शन देतील. मावशींना वाटलं होतं, व्याख्यान देतील. बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बटणांचा डबा मांडीवर घेऊन सरकारशेजारी बसल्या. तो रंगांप्रमाणे बटणं लावत होता. त्यांनी एक हिरवं बटण निळ्यांत टाकलं. त्याने ते काढून त्यांच्या तळहातावर परत ठेवलं.

“नको,” तो म्हणाला.

“बरोबर आहे तुमचं,” बाई म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष कडीकडे गेलं. ताईने मान खाली घालून पायडल मारलं.

“ही कधी काढायची?” त्यांनी सहज विचारलं.

“तो चिडायचा थांबला की.”

“आधी काढू. कशाने चिडतो ते तिच्या आड दिसत नाहीये.”

“कशाने चिडतो ते मी सांगते ना. माणूस गोड बोललं की.”

मावशी हसल्या. पण ताई गंमत करत नव्हती. “खरंच सांगते. ती कोपऱ्यावरची, कपडे आपटून जाणारी, तिला कधी काही केलं नाही त्याने. तो गॅसवाला, ‘हं’सुद्धा म्हणत नाही, त्याच्यामागे हा स्वतः दार लावतो. आणि सज्जन माणसं बिचारी एका बुटावर घरी जातात.”

“म्हणजे याला शिष्टाचार चालत नाही,” मावशी म्हणाल्या. “अगदी माझ्या नवऱ्यासारखा.”

कडी निघाली, आणि बाई दोन दिवस नुसत्या बघत राहिल्या. माणूस काय घेऊन आलं, कुठे बसलं, दार कोणी लावलं, किती जोरात. त्यांना आधी दाराच्या आवाजाचा संशय आला, म्हणून चौकटीला फोमची पट्टी लावून पाहिली. दार मुकं झालं, सरकार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली.

“बरं ताई, येते मी.”

त्या बाहेर पडल्या. सरकार उठला. पाय दारात. ताईने कपाळाला हात लावला. सरकारचा आवाज चढला, हातात मावशींची चप्पल आली, मावशी कपाटामागे सरल्या. एवढ्यात पायरीवर पावलं वाजली आणि बाई परत आत आल्या.

“जाकीट राहिलं की.”

सरकारने त्यांच्याकडे बघितलं. चप्पल जागेवर ठेवली, जोडीला जोड लावून. त्यांना आत घेतलं आणि शांतपणे स्वतःच्या हाताने दार लावलं.

मशीनजवळ ताईचा हात सुईवर तसाच राहिला. “तुम्ही काय म्हणालात जाताना?”

“काही नाही. येते म्हणाले.”

“आणि आलात.”

बाई हळूच स्टुलावर बसल्या. मग त्यांना हसू यायला लागलं, आणि आवरेना. “अहो, मी इतकी वर्षं लोकांच्या घरून खोटं बोलून बाहेर पडतेय.”

जायचं असतं तेव्हा आपण ‘येते’ म्हणतो. ‘येते’ म्हणणारी येत नाही, ‘निघतो’ म्हणणारा उंबऱ्यात अर्धा तास उभा राहतो. सगळ्यांना ते कळतं, म्हणून कुणी दार उघडं ठेवून वाट बघत बसत नाही. सरकार बसायचा. माणूस येतो म्हणालाय, आणि ही ताई त्याच्या तोंडावर दार लावतेय. ओरडू नको तर काय करू? केंद्राच्या गाडीचा चालक रोज सकाळी त्याला सोडून हात हलवायचा, “येतो रे दोस्ता.” आणि मागे रखवालदार फाटक लावायचा.

“मग सोपं आहे,” ताई म्हणाली. “सगळ्यांनी ‘जाते’ म्हणायचं.”

“मी नाही,” मावशी म्हणाल्या.

“मावशी.”

“अगं, अभद्र बोलायला लावतेस का मला? जाते म्हणायचं आणि वाटेत काही झालं म्हणजे? मला एकदाच जायचंय, तेव्हा म्हणेन. आणि तेव्हा तुम्ही सगळे उभे असाल, तर नीट ऐकून घ्या.”

बाई म्हणाल्या, नुसता शब्द बदलून भागणार नाही. साऱ्या जगाला आपण ‘जाते’ म्हणायला लावू शकत नाही. चप्पल फेकून तो जे विचारतोय, ते त्याला तोंडाने विचारता आलं पाहिजे. आणि विचारलं की उत्तर मिळालं पाहिजे, खरं.

म्हणून सरकारला पाचवा शब्द शिकवायचं ठरलं: कधी.

दाराशेजारी त्यांनी एक आडवी दांडी ठोकली. तिच्यात दोऱ्याची रिळं. एक रात्र, एक रीळ. गुरुवारी येणार असेल, तर मधल्या रात्रींची तेवढी रिळं, आणि रोज सकाळी सरकारने एक काढायचं. आजच परत येणार असेल तर पिवळं. येणारच नसेल तर दांडी रिकामी. ताईला धास्ती होती ती या रिकाम्या दांडीची. पण एक गिऱ्हाईक बाई कोट घेऊन निघाली, सरकारने “कधी?” विचारलं, ती गोंधळून म्हणाली, “आता कसली येते मी, बदली झाली आमची,” तेव्हा त्याने रिकाम्या दांडीवरून बोट फिरवलं, दार लावलं आणि पाणी प्यायला गेला. माणसं गेल्याचं त्याला कधी काही वाटलंच नव्हतं.

मावशींनी आपला तोडगा काढला. “जाऊन येते, जेवण झाल्यावर,” असं म्हणायच्या आणि पिवळं रीळ स्वतः अडकवायच्या. पंचाईत अशी झाली, की आता त्यांना खरंच यावं लागायचं. एकदा डुलकी लागली, तर सरकार त्यांच्या दारात रीळ घेऊन उभा.

“मेल्या, झोपूही देत नाहीस,” त्या म्हणाल्या, आणि केस सारखे करत कामाला आल्या.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं मात्र नाही. मध्येच एक चप्पल उडाली, आणि या वेळी ती थेट ताईच्या पाठीत बसली. एका गृहस्थांना ती “उद्या देते” म्हणाली होती. सरकारने एक रीळ लावलं होतं, सकाळी काढलं होतं. गृहस्थ आले, विजार अजून तशीच पिशवीत होती. ताई म्हणाली, “अहो, उद्या नक्की.” आणि चप्पल आली.

“पाठ दुखतेय का?” बाईंनी विचारलं.

“पाठ नाही, अब्रू दुखतेय.” ताईने विजार तिथल्या तिथे मशीनवर घेतली. शिलाईच्या धंद्यात ‘उद्या’ या शब्दाला फारसा अर्थ नसतो. तिच्या दुकानात तो आला, आणि गिऱ्हाईक वाढलं.

बैठकीला ताई, सरकार आणि बाई, समोर केंद्रप्रमुख, भिंतीशी रखवालदार. त्याच्या बोटाची पट्टी निघाली होती. बाईंनी सगळं सांगितलं. गाडीच्या चालकाने ‘जातो’ म्हणायचं आणि कधी न्यायला येणार ते सांगायचं. फाटकापाशी दांडी आणि पिवळं रीळ. सरकारने विचारलं की जो असेल त्याने उत्तर द्यायचं.

“आणि शांत खोली?” प्रमुख बाईंनी विचारलं.

“कुलूप काढलं तर कुणीही बसेल. मीसुद्धा बसेन, इथे गोंगाट फार आहे,” सेवेतल्या बाई म्हणाल्या.

रखवालदार खाकरला. “मी एक बोलू का? मला रोज वाटायचं, हा माझ्यावरच डूख धरून आहे. गाडीवाला येतो म्हणून गेला आणि मी त्याला बाहेर कोंडतोय, असं याला वाटत असेल, तर याच्या जागी मीही फाटक ढकललं असतं.”

प्रमुख बाईंनी मान हलवली. समोरचे कागद सारखे केले, खुर्ची मागे सरकवली. “छान. खूपच छान. आम्ही विचार करतो आणि कळवतो तुम्हाला.”

हे वाक्य ताईला ठाऊक होतं. कळवतो म्हणणारे कळवत नाहीत. ती उठली, पदर सारखा केला, थँक्यू म्हणायला तोंड उघडलं.

सरकार आधीच दारात होता. पाय चौकटीत.

“कधी?” तो म्हणाला.

रखवालदाराने दोन्ही हात खिशात घातले.

“लवकरच,” प्रमुख बाई म्हणाल्या, त्याच्याकडे बघून हसत.

सरकारने ताईकडे बघितलं. लवकरचं रीळ कोणतं? ताईने पर्स उघडली. तिच्यात तीन-चार रिळं होती, कामाच्या बाईच्या पर्समध्ये असतातच. तिने ती टेबलावर ठेवली, आणि तिच्या तोंडून अगदी दुकानातला आवाज निघाला. “मॅडम, तो ‘लवकर’ समजत नाही. खरं सांगायचं तर मलाही समजत नाही. किती रिळं, तेवढं सांगा.”

प्रमुख बाईंनी एक लाल रीळ उचललं, मग दुसरं, मग दोन्ही परत खाली ठेवली.

“आज शुक्रवार ना?” त्या म्हणाल्या. “सोमवारी ये रे. कामाला. पाकिटांत चुका निघतायत तू नाहीस तर.” त्यांनी तीन रिळं मोजून त्याच्या हातावर ठेवली. “आणि त्या खोलीचं कुलूप कुणीतरी काढा, किल्ली माझ्याकडेच आहे.”

सरकारने रिळं मुठीत धरली, पाय काढला आणि सगळे बाहेर पडल्यावर दार लावलं. प्रमुख बाई आतच राहिल्या होत्या. त्यांनी ते पुन्हा उघडलं आणि शांत खोलीची किल्ली रखवालदाराच्या हातावर ठेवली.

सोमवारी ताई त्याला स्वतः सोडायला गेली. फाटकापाशी रखवालदाराने पिवळं रीळ अडकवलं. ताईच्या जिभेवर जुना शब्द आला, तिने तो गिळला. नवा काही केल्या बाहेर येईना. मावशींना ती इतके दिवस हसली होती.

“कधी?” सरकारने विचारलं.

“जाते मी,” ती म्हणाली. म्हटल्यावर तिला वाटलं होतं तितकं काही झालं नाही. “चार वाजता येते.”

त्याने मान डोलावली. रखवालदाराचा हात बाजूला केला, दोन बोटांनी, जपून, आणि फाटक लावून घेतलं.

ताईच्या आतल्या खोलीची कडी बसवताना सुताराकडे एकच स्क्रू निघाला होता. बाकीचे घेऊन येतो म्हणाला आणि आला नाही, त्यामुळे आतून खांदा टेकला असता तरी ते दार उघडलं असतं. पण ताई ‘आलेच हं’ म्हणायची आणि यायची, म्हणून सरकारने तो कधी टेकला नव्हता.