पेटीखालचं घोरणं

सबांगाऊ नदीत एकदा मगरीच्या पाठीवर बसून मी जाळं विणलं होतं. ते खोटं म्हणा, चालेल. तुंदानच्या घोरण्याला मात्र खोटं म्हणू नका. ते यंत्रानं पकडलंय.

आमची जमीन किती कार्बन धरून ठेवते आणि किती हवेत सोडते, ते मोजायला पालंगकाराया शहरातून मेरियातीबाई आल्या होत्या. आमची जमीन म्हणजे माती नव्हेच. झाडं पडतात, पाण्यात बुडतात, धड कुजतही नाहीत. त्यांच्यावर आणखी पडतात. असा काळा, ओला थर, अख्खा माणूस गिळेल एवढा खोल. बाईंनी जंगलात फळ्यांची वाट टाकली आणि कडेनं पांढऱ्या पेट्या पालथ्या घातल्या. पेटीतली नळी यंत्रात जाई आणि जमिनीतून सुटणारा वायू पडद्यावर रेघ होऊन दिसे. पेट्या वाहायचं काम माझं. जळवाही मीच काढून देई.

"बुए लांजान, फळीवरून उतरायचं नाही," बाई म्हणाल्या. सगळ्याच म्हाताऱ्यांना त्या बुए म्हणजे आजोबा म्हणत. "पाय पडला की खालचा वायू दाबून वर येतो. मग सगळं मोजमाप खोटं."

"खोट्याची मला सवय आहे, बाई."

बाकीच्या पेट्यांच्या रेघा सरळ चढत. कालव्याजवळच्या पेटीची मात्र हलत होती. दोन आखूड लाटा, मग एक लांब. बाईंनी नळी बदलली, यंत्र बदललं, मला दूर पिटाळलं. तरी दोन आखूड, एक लांब.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हा तर तुंदान घोरतोय!"

तुंदान माझा शेजारी. मोठ्या आगीच्या वर्षी जमीन आतून जळत होती, तेव्हा पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून तिकडे गेला तो गेलाच. हाडूकही सापडलं नाही. आणि हाडांशिवाय तिवाह व्हायचा कसा? पुरलेल्याची हाडं काढून जाळावी, नक्षीच्या लाकडी घरात ठेवावी, तेव्हा कुठे जीव पुढच्या वाटेला लागतो. तोवर इथेच भटकणं. त्याची बायको रुंतिंग तेव्हापासून रोज एक ताट जास्तीचं वाढत होती.

दुसऱ्या दिवशी ती वेताच्या कोंबांची आमटी घेऊनच जंगलात आली. पडदा पाहत उभी राहिली.

"तांबी, थोडं मागे व्हा ना," बाई अजिजीनं म्हणाल्या. म्हाताऱ्या बायकांना त्या तांबी म्हणजे आजी म्हणत. "तुमच्या श्वासानंही रेघ बिघडते."

"आयुष्यभर हे घोरणं कानाशी घेऊन झोपले मी. आणि मीच मागे होऊ?" मग पेटीकडे वळून तिनं खणखणीत हाक घातली, "ओ सुतेनच्या बापा! उठा! लाकडं कोण फोडणार?"

रेघ सपाट झाली.

दुसरी हाक आली नाही, तशी जराशानं रेघ पुन्हा हलली. दोन आखूड, एक लांब.

"पाहिलंत? हाक मारली की श्वास रोखून झोपेचं सोंग. जिवंतपणीही हेच. मेला आळशी!" असं म्हणून ती फळीवर मटकन बसली आणि तिचे डोळे वाहू लागले.

मी हाक मारली, बाईंनी मारली. रेघेला त्याचं काही नाही.

"बाई, काढा हो त्याला बाहेर," रुंतिंग म्हणाली.

"खणता नाही येणार, तांबी. खणलं की पाणी उतरतं, आणि वाळलं की पुन्हा आग." बाईंनी पेटीशेजारी वाकून जमीन पाहिली. "पण गिरमिटानं एक नमुना काढायचाच आहे. तो इथलाच काढू."

गिरमिट दाबत, फिरवत आत घातलं. ओढून वर आणलं तेव्हा त्याच्या पोकळीत काळा लगदा होता आणि लगद्यात एक लाल मणी, दोऱ्याच्या गाठीसकट. रुंतिंगनं आपलं मनगट पुढे केलं. लग्नात दोघांना बांधलेल्या जोडीतला दुसरा तिथे होता.

"आणि हाडं?"

"हे पाणी आंबट असतं, तांबी. हाडं विरघळतात. ती या लगद्यातच आहेत."

"मग हीच हाडं. आणा इकडे."

"हा प्रयोगशाळेत न्यावा लागेल." बाई अडखळल्या. "भट्टीत जाळतात. जळून जातं त्यावरून कार्बन कळतो. उरते राख."

"ती राख कुणाची?"

बाईंनी मान खाली घातली. "तुमची."

होडीत लगदा मांडीवर घेऊन रुंतिंग शहरात गेली आणि भट्टीच्या दाराशी बसून राहिली. राख निघाली चिमूटभर.

"एवढाच?"

"बाकीचे हवेत गेले."

"घरीही एवढाच सापडायचा," ती म्हणाली.

तिवाह झाला. घंटा वाजल्या, रेडा कापला, राख आणि मणी लाकडी घरात गेले. मग आम्ही तिघं पुन्हा पेटीपाशी आलो. रेघ सपाट होती.

"गेले, तांबी," बाई हसून म्हणाल्या.

रुंतिंग हसली नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लांजान, तो गेला नाही रे. मी उठवीन म्हणून श्वास रोखून पडलाय."

मग तिनं पाठ फिरवली आणि फळ्यांवरून चालत मोठ्यानं सांगू लागली, "मी चालले हो घरी! लाकडं फोडून झालीत. आता कुण्णी उठवणार नाही तुम्हाला!"

तिची पावलं विरली. पडद्यावर एक लाट उठली. लांब, इतकी लांब की बाईंनी माझा दंड घट्ट धरला. ती ओसरली. मग रेघ बाकीच्या पेट्यांसारखी सरळ चढू लागली.

"काय दिसलं?" रुंतिंग होडीतून ओरडली.

"काही नाही!" मी ओरडलो.

"खोटारडा मेला!"

त्या संध्याकाळी तिनं एकच ताट वाढलं.