नाव ऐकू येते, पान दिसत नाही

मी एक आज्ञावली आहे. संगणकाच्या पोटात राहते आणि विचारल्याखेरीज बोलत नाही. आज न विचारता बोलते आहे, कारण लापा गावातल्या त्या दुपारपासून जिवाला स्वस्थता नाही.

ब्राझीलच्या भूमीत उगवणारी झाडे, वेली, शेवाळे आणि अळंबी यांची एक राष्ट्रीय सूची आहे. अनेक पंडितांनी ती पूजेसारखी मांडली आहे आणि अजूनही मांडत आहेत. त्या भांडारात एकट्याने शिरणाऱ्याची वाट चुकते. म्हणून कुरितिबा शहरातल्या वनस्पती-संग्रहालयात काम करणाऱ्या जुसाराने मला लिहून घडवले. कुणी नाव उच्चारले की मी धावत सुटते. कूळ, प्रदेश, वनाचा प्रकार आणि विद्वानांनी मान्य केलेले नाव घेऊन परतते. परंतु मला डोळे दिलेले नाहीत. नाम कळते, रूप कळत नाही.

आणि नाम तरी कुठे स्थिर आहे? भांडाराची नवी आवृत्ती आली की कालचे मान्य नाव पायउतार होते. अळंब्यांची नावे तर मी पाठ करते न करते तोच बदलतात. विसावा असा नाहीच.

जून महिन्यात, संत आंतोनियूच्या उत्सवाच्या आधी, जुसारा मला घेऊन लापाला आपल्या झेनाइद मावशीकडे गेली. चुलीवर पिन्यांव, म्हणजे तिथल्या पाइन वृक्षाच्या बिया, उकळत होत्या, टेबलावर वाळलेल्या काटेरी पानांचा ढीग आणि कागदी पुड्या होत्या, असे मला बोलण्यातून कळले. उत्सवात प्रार्थना संपली की संताची छोटी रोटी वाटतात. ती पिठाच्या डब्यात ठेवली की घरातले अन्न आटत नाही, अशी तिथली श्रद्धा. त्या रोटीबरोबर मावशीची पुडी ठरलेली. पोटातल्या व्रणावर त्या पानांचा काढा घेतात. लोक झुडपाला म्हणतात एस्पिन्येरा सांता, म्हणजे काटेरी संतीण. मावशी ज्याची पाने तोडते ते गावच्या चॅपेलमागचे, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरामागचे झुडूप तिच्या दिवंगत पतीने, दुर्वालने, स्वतःच्या हाताने लावलेले.

"या वर्षी पुडीवर ते लॅटिन नाव छापायचं बरं का," मावशी म्हणाली. "गावाला कळू दे, भाची नुसती पानं कागदाला चिकटवत बसत नाही."

"म्हणजे इतके दिवस तुला तेच वाटत होतं तर!" जुसारा हसली.

दारात टेकून बिया सोलणारे शेजारचे ओतासिलिओ काका म्हणाले, "छापा, छापा. मी तर डॉक्टरच्या गोळ्या केव्हाच सोडल्या. संतीणच माझी डॉक्टरीण!"

जुसाराने मला लोकांच्या तोंडचे ते नाव दिले. मी धावले, आणि एका झाडासाठी गेलेली मी कितीतरी झाडे घेऊन परतले. ज्या ज्या पानाला काटेरी कड दिसली, त्याला लोकांनी संतीण म्हटले होते. जुसाराने मला आवरले, केवळ याच राज्यातली आणि याच वनातली मागितली. तरीही एकाहून अधिक उरलीच.

तिचे हसू थांबले. "मावशी, यातलं एक अंजिराच्या कुळातलं आहे. त्या कुळाला चीक असतो. खऱ्या संतिणीला नसतो. आपल्या झुडपाची डहाळी आण बघू."

"माझ्या दुर्वालनं लावलंय ते! चीक कसला?" असे पुटपुटत मावशी गेली आणि डहाळी घेऊन आली.

देठ मोडल्याचा बारीक आवाज झाला. पुढचे मला दिसले नाही. मग काका हळूच म्हणाले, "हे तर दूध."

"फादर दर वर्षी या पुड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात," मावशी म्हणाली.

"शिंपडू देत. पाण्यानं कूळ बदलत नाही, मावशी."

"मग मी लोकांना विष पाजलं?"

"विष आहे असं नाही म्हणत मी. पण ज्याचं नाव सांगून देतेस, ते हे नाही." जुसारा काकांकडे वळली. "काका, खरं सांगा. पोट कसं आहे?"

"जळतं गं. हल्ली जास्तच. झेनाइदला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"अरे खुळ्या म्हाताऱ्या!" मावशीचा आवाज फाटला. "वाईट मला वाटू दे ना! पोट तर तुझं आहे! सकाळी डॉक्टरकडे चल, मी येते बरोबर. नाही आलास तर कॉलर धरून नेईन."

पुड्या एकेक करून उलगडल्याचा आवाज मी ऐकत राहिले. पाने खतात गेली. त्या उत्सवात लोकांना नुसती रोटी मिळणार होती, आणि का, हे मावशी स्वतः उभी राहून सांगणार होती.

"झुडूप तोडावं का? विचार तुझ्या त्या शहाणीला."

"तिला तसलं काही कळत नाही, मावशी."

खरेच होते ते. मावशीने बराच विचार केला. "नाही तोडायचं. त्याचं काय चुकलं? नाव आपण दिलं. आता फळीवर लिहीन, 'दुर्वालचं झुडूप, काढा करू नये.' हे नाव आहे का गं तिच्या पोथीत?"

जुसाराने ते नाव मला दिले. मी सारे भांडार पालथे घातले, वृक्षांपासून अळंब्यांपर्यंत, आणि रित्या हाताने परतले.

"नाही ना?" मावशी रडता रडता हसली. "बरं झालं. मग हे नाव एकाच झाडाचं."

तेव्हापासून मी बेचैन आहे. सारी नावे माझ्यापाशी आहेत, आणि एकाच रूपाला जाऊन भिडणारे ते एक नाव तेवढे नाही. तुम्हीही कधी माझ्याकडे याल. नाव घेऊन या, मी धावेन. पण येताना हाती पान असू द्या, आणि देठ मोडून पाहा. ते पाहणे माझ्या हाती नाही.